नानांची वायर

"परत जा!"

नानांच्या स्टुडिओत मी पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा माझं हे असं स्वागत झालं. मी सकाळच्या बसनं जळगावहून धुळ्याला आलेली, देवपुरात पत्ता विचारून विचारून पायांचे तुकडे पडलेले, हातात सर्टिफिकेटांची पिशवी. आणि आतून एक पांढऱ्या केसांचा माणूस हात उगारून ओरडतोय, परत जा. म्हटलं, गेलास उडत! नोकरी नको नि तुझं तोंडही नको. मी तडक वळले आणि दाराबाहेर पडले. तर हेच गृहस्थ धावत मागे. "अगं, बाहेर कुठं निघालीस? ये ना आत!"

आता याला जा म्हणायचंय की ये म्हणायचंय? मी उंबऱ्यावरच थांबले.

मग त्यांनी मला जमीन दाखवली. दारातून आत गेलं की हातभर अंतरावर एक निळी वायर आडवी पसरली होती. पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून ती निघायची आणि आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जाऊन मिळायची. त्या वेळी तिच्यातून कुठल्यातरी लग्नाच्या फायली एकाकडून दुसऱ्याकडं चालल्या होत्या, आणि मी ती ओलांडली होती. झोपलेल्या लेकराला कुणी ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते म्हणून आपण त्याला परत उलटं ओलांडायला लावतो की नाही, तसाच नानांचा वायरीच्या बाबतीत नियम होता. ओलांडलीस? मग आल्या पावली परत ओलांड, आणि बाकामागून वळसा घालून ये.

"तू परत गेलीस ना? झालं, फिटलं. बस आता, चहा घे," असं म्हणून त्यांनी मला कामावर ठेवलं. सर्टिफिकेटांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. नोकरी नक्की कशाबद्दल मिळाली, एडिटिंग येतं म्हणून की परत ओलांडलं म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही.

हा नियम सगळ्यांना होता. चहावाल्याला, लाइट बिलवाल्याला, पत्रिका दाखवायला आलेल्या नवरदेवाच्या मामाला. लोक बिचारे गोंधळून जायचे. फोटोची तारीख ठरवायला आलोय आणि हा आपल्याला पुढे-मागे नाचवतोय काय! एकदा तर मांजर ओलांडून गेलं. नाना त्याच्यामागे आतल्या खोलीत गेले, त्याला बखोटीला धरून आणलं, वायरीपलीकडं ठेवलं आणि म्हणाले, "जा माय, आता वळसा घालून जा." मांजर काही वळसा घालून गेलं नाही. नाना मात्र ते गेलं असं धरून चालले.

ते लग्नांचं शूटिंग करायचे. सुरुवात डोक्यावर लाइट धरण्यापासून केली होती, मग कॅमेरा हातात आला, मग स्टुडिओ. उजव्या कानाच्या मागे लाइटचा चटका बसलेला डाग होता. बोलणं तसं शहरी, आपल्यासारखंच, पण राग आला किंवा जीव कळवळला की माणूस एकदम अहिराणीवर उतरायचा. त्यामुळे नाना अहिराणी बोलायला लागले की आता ओरडतायत की रडतायत, हे आधी तोंडाकडं बघून ठरवावं लागे.

आणि वायरीचं वेड! अहो, सगळं जग पेन ड्राइव्ह वापरतंय, हवेतून फायली पाठवतंय, आणि आमच्याकडं फाईल जाणार ती वायरीतूनच.

"नाना, पेन ड्राइव्हनं पटकन होईल," मी पहिल्या आठवड्यात म्हटलं.

"खिशात जाणारी वस्तू खिशातून पडते."

"मग वायफायनं?"

"हवेत सोडलेलं कुठं उतरतं, तू बघितलंस? वायरीला दोन टोकं असतात, पोरी. एक माझ्याकडं, एक तुझ्याकडं. कोणी सोडलं ते कळतं."

मी म्हटलं, "आणि तुम्ही रोज सकाळी अख्ख्या गावाला फुलांचे सुप्रभात पाठवता, ते?"

"ते हवेत जायच्याच लायकीचं असतं," नाना म्हणाले आणि आणखी चार जणांना पाठवलं.

फायली चालू झाल्या की ते वायरीशेजारी मांडी घालून बसायचे आणि दोन बोटं वायरीवर ठेवायचे, वैद्य नाडी बघतो तशी. "चाललंय. हळदीचं चाललंय वाटतं, हलकं लागतंय." मी स्क्रीनवर बघायची, तर हळदीच्याच क्लिपा चाललेल्या असायच्या! अंगावर काटा यायचा. पुढच्याच मिनिटाला म्हणायचे, "आता वरात आली, जड शे," आणि स्क्रीनवर जेवणावळ असायची. मी सांगितलं तर म्हणायचे, "जेवण जडच असतं." या माणसाला खरंच काही कळत होतं का? मी आजवर शंभरदा स्वतःशी वाद घातलाय.

जळगावची गोष्ट तर सांगायलाच हवी. एका लग्नात दोन कॅमेरे होते, एक आमचा आणि एक जळगावच्या शूटिंगवाल्याचा. त्याच्याकडच्या फायली आणायच्या होत्या. कुणीही शहाणा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन गेला असता. नानांनी आमचा पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर सोडवला, त्याचा डबा चादरीत गुंडाळला आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, नाना आणि डबा, एसटीत बसलो. डबा खिडकीशी.

कंडक्टर आला. "हे काय आहे? याचं लगेज पडेल."

"लगेज मागं डिक्कीत जातं. हा सीटवर बसलाय. अर्धं तिकीट द्या."

"अहो काका, माणूस आहे का तो?"

"त्याच्यात माणसंच आहेत," नाना शांतपणे म्हणाले. "दोन-तीनशे लग्नांची वऱ्हाडं आहेत. फुल्ल तिकीट लावाल तर गाडी पुरायची नाही."

पारोळ्यापर्यंत त्यांचं चाललं होतं. शेवटी कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि पुढे गेला. मी ओढणीत तोंड खुपसून बसले होते, कारण मागच्या सीटवर माझ्या मावशीच्या गल्लीतल्या दोन बायका होत्या. जळगावात पोहोचल्यावर तो शूटिंगवाला म्हणाला, नाना, पेन ड्राइव्ह आणला असता तर. नानांनी पिशवीतून वायर काढली आणि एक टोक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते गपगुमान लावलं. नानांसमोर माणसं अशी का ऐकायची, हाही मला न सुटलेलाच प्रश्न आहे.

आता मुद्द्यावर येते. नानांचं एक वाक्य होतं, "पक्कं त्यांचं, कच्चं माझं."

लग्नाची पक्की फिल्म म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलंच आहे. हळदीवर एक गाणं, सप्तपदीवर एक, पाठवणीवर रडकं एक. माणसं बोलताना दिसतात, तोंडं हलतात, पण आवाज एकाचाही येत नाही. सगळ्यांवर गाणं चढवलेलं असतं. हे गाणं चढवायचं काम माझं. त्याच्याखालचं खरं शूटिंग, लोकांचे आवाज, भांडणं, भटजींचा खोकला, हललेला, अंधारा सगळा भाग, त्याला नाना कच्चं म्हणायचे. बाकीचे स्टुडिओवाले ते पुसून टाकतात. जागा कुठून आणायची? नाना पुसत नसत, आणि कुणाला देतही नसत. गिऱ्हाइकानं मागितलं तरी नाही. मग ठेवायचं कशाला? विचारलं तर म्हणायचे, "राहू दे. खातं का काही?"

हे सगळं कच्चं आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये होतं. त्याला नाना थोरला म्हणायचे, पुढच्या खोलीतला तो धाकटा. थोरल्याची अवस्था बघवत नव्हती. एकदा डबल लाइट आली, म्हणजे व्होल्टेज एकदम चढलं, तेव्हा त्याची पेन ड्राइव्ह लावायची भोकं जळाली होती. सीडी तर कधीचीच बंद. सुरू झालाच तर थोडा वेळ चालायचा, तापला की बसायचा. बाहेरच्या जगाशी त्याचा एकच रस्ता उरला होता, ती निळी वायर.

तर एका दुपारी दोंडाईच्याहून एक ताई आली. माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिच्या लग्नाचं शूटिंग नानांनीच केलं होतं, मी यायच्या आधी. तिचे वडील, आबा, दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे व्यापारी. लिलावात बोली पुकारायला उभे राहिले की स्टेशनापर्यंत आवाज जायचा, असं ती सांगत होती. त्या आबांना गळ्याचा आजार झाला. ऑपरेशन करावं लागलं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. माणूस वाचला. आवाज गेला, तो कायमचा.

"घरात त्यांचा आवाज कुठंच नाही हो नाना," ती म्हणाली. "फोनवर आम्ही कधी भरून ठेवला नाही. कोणाच्या मनात येतं असलं? लग्नाची सीडी शोधून लावली, तर त्यात आबा हळदीला उभं राहून बोलतायत, सगळे हसतायत, आणि वर गाणं! नुसतं गाणं! आईनं उठून टीव्ही बंद केला."

मी मान खाली घातली. ते गाणं मी चढवलं नव्हतं, पण कामाचं माणूस म्हणून लाज वाटायची ती वाटलीच.

"तुमच्याकडं खरं असेल ना ते? हळदीचं बोलणं तेवढं द्या. मला बाकी काही नको."

मला वाटलं, नाना लगेच उठतील. नाना म्हणाले, "हाई कच्चं शे. कच्चं कोनले देवानं नही."

कच्चं कुणालाच द्यायचं नाही म्हणे! मी थक्क! अहो, ती पोर रडतेय. मी म्हटलं, "नाना, असं काय करता?" त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ताईलाच एकदम म्हणाले, "आबाले लई ये."

"त्यांना घेऊन येऊ? इथं? नाना, त्यांना बसनं फिरवणं—"

"आवाज त्यांचा आहे. त्यांच्या पाठीमागं मी दुसऱ्याला कसा देऊ?"

आता हे बरोबर की चूक, तुम्हीच सांगा. मला त्या दिवशी तरी शुद्ध आडमुठेपणा वाटला. मी तसं तोंडावर म्हटलंही. नाना वायर पुसत बसले.

दोन दिवसांनी ताई आबांना घेऊन आली. उंचापुरा माणूस, पण कपडे अंगावर लोंबत होते, गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. दारातून आत येताच त्यांनी नानांना बघून मोठा नमस्कार केला आणि तोंड उघडलं. सवय हो! आवाज नव्हताच. नुसती हवा आली. त्यांनी तोंड मिटलं आणि हसून हातानंच चालू द्या म्हणून खूण केली.

आबांना दाराजवळच्या बाकावर बसवलं. ताई पलीकडं माझ्या टेबलाशी, स्पीकरजवळ उभी राहिली. मधून निळी वायर. नानांनी थोरल्याला सुरू केला. तो कण्हत कण्हत जागा झाला. धाकट्यावर मला त्या लग्नाचं फोल्डर दिसलं, आत ओळीनं क्लिपा. मी हळदीच्या उचलायला गेले, तर नाना, "शेवटापासून घे."

"काय?"

"शेवटापासून. मी कायम शेवटापासून घेतो."

ते घ्यायचे, हे खरं आहे. का, ते कधी सांगितलं नाही. एकदा म्हणाले होते, लग्नात सुरुवातीला सगळे खोटं हसतात. दुसऱ्या वेळी म्हणाले, कुठूनतरी घ्यायचंच ना. पण आज? थोरला कधी बसेल याचा भरवसा नाही, ताईला हळदीचं हवंय, आणि यांचं आपलं शेवटापासून! मी म्हटलं, "नाना, आज नको, हळद आधी घेऊ." ते म्हणाले, "माझ्या हातून उलटं होणार नाही." मी ताईकडं बघितलं. ती म्हणाली, "घ्या हो, कसंही घ्या, पण घ्या." मी चिडून शेवटच्या क्लिपा उचलल्या. त्यांच्यामागे बाकीच्या लागतील असं केलं.

फायली चालू झाल्या. नाना वायरीवर दोन बोटं ठेवून बसले. एक क्लिप आली, दुसरी आली. ताई स्क्रीनवरची हिरवी पट्टी बघत होती, डोळ्याची पापणी न लववता. तेवढ्यात आबांना राहवेना. ते बाकावरून उठले आणि थेट टेबलाकडं निघाले. त्यांना वायरीचा नियम कोण सांगणार? आमच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी वायर ओलांडली.

"परत! परत ओलांडा!" नाना ओरडले. तोंडातून गेलंच त्यांच्या.

आबा दचकले. एवढ्या मोठ्यानं आपल्यावर कोण ओरडलं म्हणून गर्रकन वळले, आणि वळताना त्यांचा पाय वायरीत अडकला. टक् असा आवाज आला. धाकट्याकडचं टोक निघून जमिनीवर पडलं.

मी धावत आत गेले. थोरला थिजला होता. बंद करून सुरू केला, तर आतून खट्, खट्, खट्, आणि काळा पडदा. पुन्हा केला. पुन्हा खट्, खट्. नंतर ती डिस्क आम्ही पुण्यापर्यंत पाठवून बघितली, त्यातून एक अक्षर निघालं नाही, हे इथंच सांगून टाकते. हळद गेली. आबांचं बोलणं, सगळ्यांचं हसणं, सगळं गेलं.

मी बाहेर आले आणि नानांवर ओरडले. हो, ओरडले. तुमच्या ओलांडण्यापायी झालं, तुमच्या त्या शेवटापासूनपायी झालं, आधी हळद घेतली असती तर एवढ्यात आली असती! नाना निघालेलं टोक हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभे होते. आबांना ताईनं परत बाकावर बसवलं होतं. ते स्वतःच्या पायाकडं बघून मान हलवत होते, चूक माझीच म्हणून. ताई माझ्या टेबलाशी परत आली. तिचा चेहरा मला आजही आठवावासा वाटत नाही.

"जेवढं आलंय तेवढं तरी लावा," ती म्हणाली.

आलं होतं काय? दोन क्लिपा. पहिली लावली, तर नुसता बँड. माणसाचा आवाज म्हणून नाही. दुसरी लावली. पाठवणीची होती. जीपचं दार उघडं, बायांची रडारड, आणि सगळ्यांच्या मधोमध शालू नेसलेली ताई, रडून रडून सुजलेली. आबा पाठमोरे. कॅमेरा त्यांच्यासमोर यायला बघतोय, लाइट थेट त्यांच्या तोंडावर. आबांनी डोळ्यांवर हात धरला. आणि मग एकदम पडदा काळा झाला. कुणीतरी लाइट बंद केला होता. म्हणूनच हा भाग पक्क्यात गेला नव्हता. अंधारातलं कोण घेतं?

मी बंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात स्पीकरमधून असा आवाज आला की माझ्या टेबलावरची पेनं थरथरली.

"ओ शूटिंगवाला! कितला टाइम डोयावर लाइट! सरक ना बाजूले! मन्ही पोर दखू दे माले!"

माझी पोर मला बघू दे. लिलावातला आवाज होता तो, अख्ख्या बाजारावरून जाणारा, आणि शेवटच्या शब्दाला फाटलेला.

ताईच्या तोंडून "आबा" एवढंच निघालं. बाकावर आबांचे ओठ हलत होते, तेच शब्द, बिनआवाजाचे. पण त्यांना ताई दिसत नव्हती. मध्ये नाना उभे होते, वायरीचं टोक हातात धरून.

काळ्या पडद्यातून तो आवाज पुन्हा आला, "सरक ना रे!"

आणि नाना सरकले. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकले, आणि आबांनी आपली पोर बघितली.